सात टोकांची चांदणी

पोवई नाक्यावर माझं दुकान :
लग्नाचे अल्बम, लॅमिनेशन,
जुने फोटो नवे करून मिळतील.

देगावचे भानुदास साबळे आले,
पिशवीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला.
"आमची चुलती. गेल्या आठवड्यात वारली. फ्रेम करायचीय.
तेवढा छातीवरचा डाग काढा."

स्क्रीनवर घेतला, चारशे टक्के मोठा केला.
कसरीनं खाल्लेली कड,
नथीचा एक मोती उजेडात विरघळलेला,
मागं रंगवलेल्या पडद्यावर कारंजं, दोन हंस,
आणि पदर खांद्यावर चढतो तिथं
डाग नव्हे,
पितळ.
पलटणीचा बिल्ला, चांदणीचा.
टोकं मोजली. सात.
आठवं मोडलेलं, खाली डावीकडं,
उंदरानं कुरतडल्यासारखं.

हे मोडकं टोक मी आधी पाहिलं होतं.

जुन्या फायली उघडत गेलो.
चिंचणेरचा न्हावी, धोतरावर उसना काळा कोट,
कोटावर चांदणी.
लिंबचं चार वर्षांचं पोर, जरीची टोपी,
बिल्ला इतका जड
की झबल्याचा गळा एका बाजूला ओढलाय.
अंगापूरच्या दोघी सवती एका बाकड्यावर,
बिल्ला एकीलाच;
दुसरी कॅमेऱ्याकडं बघत नाही, बिल्ल्याकडं बघते.
सगळ्यांना तेच टोक नाही,
सगळ्यांच्या खाली एकच छाप :
हर्णे फोटो, मोती चौक.

म्हणजे केशवराव हर्ण्यांच्या खणात
कंगवा, पावडरीचा डबा, बिनकाचेचा चष्मा,
त्यांच्याशेजारी हा पडलेला असायचा.
घरचा माणूस लढाईवर, आणि घरची माणसं फोटोला,
की केशवराव खण ओढायचे,
तोंडात टाचणी धरून म्हणायचे, हलू नका.
त्याचं वेगळं भाडं घेत नसत.

भानुदासांना सांगितलं.
ते आधी हसले, मग खुर्ची ओढून बसले.
"तरीच चुलता तिला खेचरवाली म्हणायचा."

हा फोटो इटलीला जाऊन आलाय.
मधली घडी पाकिटाची, पुठ्ठा नंतरचा.
चुलता शिंगाच्या पलटणीत.
त्यानं उलट टपाली विचारलं :
आमच्या मंडळींच्या अंगावर
खेचर कंपनीचा बिल्ला कुणी लावला?
हौसाबाईनं मास्तरांकडून लिहवून घेतलं :
फोटोवाल्याकडं एवढाच होता.
तुमचा घेऊन या, मग बदलते.

आला तो. एका कानानं बहिरा,
खिशात शिंगाचा बिल्ला.
तिनं तो बघितला, ट्रंकेत टाकला, वर घोंगडी ठेवली,
आणि पुढची चाळीस वर्षं
गोठ्यातून हाक यायची, ए खेचरवाली,
चारा टाक.

एकच फोटो आहे माझ्याकडं
आठही टोकं असलेला.
कोवळी मिशी, कोट बाह्यांना आखूड,
बिल्ला कोटाच्या पट्टीवर, वाकडा लावलेला.
नाव नाही, गाव नाही.
फोटोला दीड रुपया नव्हता
म्हणून बिल्ला गहाण टाकून गेला,
असं हर्ण्यांचा नातू सांगतो,
पण तो काय, काहीही सांगतो.
मागं पेन्सिलीनं दोनच शब्द :
परत यायचाय.
फोटो म्हणायचं होतं त्यांना, की बिल्ला,
अक्षर एवढं बारीक
की मी ते मोठं करून बघितलंच नाही.

हौसाबाईंची घडी बुजवली,
कड जोडली, मोती परत नथीत बसवला.
चांदणीवर कर्सर नेला आणि मागं घेतला.
भानुदास शेजारीच उभे होते,
म्हणाले, राहू द्या तो डाग.

बिलातून डाग काढायचे पन्नास रुपये खोडले.
तर ते म्हणतात, तेवढे घ्या,
ठेवायचे.